चौघे गेले, दोघे परतले

रानात माणसाचा घात कशाने होतो, असं कुणाला विचारलं तर बहुतेकजणी वाघाचं नाव घेतील, नाहीतर सापाचं. पायांचं नाव काही कुणाच्या तोंडी यायचं नाही. पण दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात १९८१ साली चार तरुण पाठीवर सॅक टाकून जंगल बघायला निघाले, त्यांच्या सहलीचा जो विचका झाला तो एका शाळामास्तरच्या पायांपासून सुरू झाला. चौघांतले दोघेच परत आले. त्यातल्या एकाने पुढे पुस्तक लिहिलं, २०१७ साली त्यावरून 'जंगल' नावाचा इंग्रजी चित्रपटही निघाला. हॅरी पॉटर म्हणून आपल्या मुलांना पाठ असलेला डॅनियल रॅडक्लिफ त्यात नायक आहे. पुस्तक काय, चित्रपट काय, जो जिवंत परतला त्याच्याच पाठोपाठ जायचे, त्याला इलाज नाही. मला मात्र या गोष्टीत चटका लावतो तो मास्तर.

आधी तो मुलूख कसा आहे ते बघू. बोलिव्हियाला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेला अँडीज पर्वताच्या उंच रांगा आणि त्यांच्या कुशीत, साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, ला पाझ शहर. तिथून पूर्वेकडे जमीन जी उतरते ती थेट अॅमेझॉनच्या रानात. डोंगरावर कोसळणारा पाऊस तुईची, बेनी अशा नद्यांतून खाली धावत येतो. डोंगर संपतात तिथे बेनीच्या काठी रुरेनाबाके नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्या पुढे जमीन इतकी सपाट की पाण्याला जायला उतारच सापडत नाही; ते नुसतं पसरतं आणि महिनोन्‌महिने साचून राहतं. मोहोसची मैदानं म्हणतात त्या भागाला. जगातल्या मोलाच्या पाणथळ जागांची 'रामसर' यादी असते, तिच्यात २०१३ साली या मैदानांतल्या तीन पट्ट्यांची नोंद झाली. तिन्ही मिळून ६९ लाख हेक्टर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून जास्तच!

तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबरात लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आपले चौघे निघाले ते नेमके त्याच्या तोंडावर.

चौघांपैकी योसी गिन्सबर्ग इस्रायलचा, वय अवघं बावीस. नौदलातली सक्तीची नोकरी संपवून तो दक्षिण अमेरिकेत भटकायला आला होता. हे वेड त्याला लागलं 'पॅपिलॉन' वाचून. रवींद्र गुर्जरांच्या अनुवादामुळे हे पुस्तक मराठी घरांतही किती आवडीने वाचलं गेलं ते सांगायला नकोच. वाटेत त्याला मार्कस भेटला. स्वित्झर्लंडचा, पेशाने शिक्षक, स्वभावाने मऊ, दुसऱ्याचं ऐकून घेणारा. ला पाझमध्ये केविन भेटला. अमेरिकन, छायाचित्रकार, अंगापिंडाने दणकट. परमुलखात एका वयाची मुलं भेटली की दोन दिवसांत जिवाभावाची होतात, तसे हे तिघे झाले.

मग आला कार्ल. ऑस्ट्रियाचा, आपण भूगर्भशास्त्रज्ञ आहोत, असं सांगणारा. रानात सोनं आहे, जगाला ठाऊक नसलेली आदिवासींची वस्ती आहे, कधी कुठल्या प्रवाशाने पाहिले नाहीत असे प्राणी आहेत आणि वाट मला माहीत आहे, असं त्याचं सांगणं. बोलण्यात पटाईत माणूस! त्याच्यावाचून रानात जायचं कसं, आणि तो आहे तर मग भीती कशाची, असं तिघांना वाटायला लागलं. त्याची ओळख पटवणारं कुणी होतं का? नव्हतं. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ आलं तर चार ठिकाणी चौकशी करतात, घर भाड्याने देताना दोनदा विचारतात. या तिघांनी मात्र आपला जीव एका वाटसराच्या हवाली केला आणि त्यासाठी एका संध्याकाळच्या गप्पा त्यांना पुरल्या.

चौघे विमानाने अपोलो गावी उतरले आणि तिथून चालत तुईची नदीकाठच्या असारियामास या वस्तीला पोचले. पुढे रान. पहिले काही दिवस मजेचे. मग तांदूळ, कडधान्य सरत आलं, कार्लची वस्ती काही येईना. शिकार करून पोट भरायची पाळी आली आणि शिकार कसली, तर माकडाची. बाकीच्यांनी डोळे मिटून खाल्लं. मार्कसच्या घशाखाली ते उतरेना. तो अर्धपोटी चालू लागला आणि त्यातच त्याचे पाय बिघडले.

या पायांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण पुस्तकाची ओळख करून देणारे ही बाब एका वाक्यात उरकतात. भातलावणीला चिखलात उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल चिखल्या म्हणजे काय. बोटांच्या बेचक्या आधी पांढऱ्या पडतात, मग सोलवटतात, आग होते, रात्री खाज सुटते. कोकणात, मावळात बायका मेंदी वाटून लावतात आणि पुन्हा सकाळी खाचरात उतरतात. पण त्या संध्याकाळी घरी येतात हो! पाय धुतात, चुलीपाशी बसतात, रात्रभर पाय कोरडे राहतात. मार्कसचे पाय दिवसभर ओल्या बुटांत आणि रात्री ओल्या अंथरुणात. कातडी सतत भिजत राहिली की फुगते, तिचा चिवटपणा जातो, मग बुटाच्या घर्षणाने ती सालासारखी सुटते. खाली उघडं मांस, आणि त्या उबदार ओलीत जंतूंना काय, आयतं रान. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक असल्याच पायांनी हैराण झाले होते. व्हिएतनामच्या युद्धात मेकाँग नदीच्या खोऱ्यात अमेरिकन तुकड्या भातखाचरांतून चालायच्या. गोळीपेक्षा पायांनीच सैनिक आडवे होताहेत हे बघून शेवटी सेनाधिकाऱ्यांना नियम करावा लागला, की ४८ तासांहून जास्त वेळ माणसाला पाण्यात ठेवायचं नाही, मग पाय पूर्ण सुकू द्यायचे. एवढ्या मोठ्या सैन्याकडेसुद्धा याहून जालीम औषध नव्हतं. आपल्या मास्तराला कोण सुकू देणार?

तो मागे पडू लागला. थांबू लागला. बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबावं लागू लागलं. आणि इथे गोष्ट बदलते. परवापर्यंत जो सगळ्यांचा लाडका होता, त्याचं कण्हणं खुपायला लागलं. केविनला वाटे, ओझं आपल्यालाच जास्त वाहावं लागतं. योसीला वाटे, हा मुद्दाम कुरकुरतो आहे. दोघे हळूहळू एका बाजूला झाले. योसीने पुढे हे लपवून ठेवलं नाही. मार्कसशी आपण कसे वागलो त्याचा सल त्याने लिहून आणि बोलून दाखवला आहे, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. एरवी रानातल्या गोष्टी सांगणारे पुरुष स्वतःचं हे अंग दाखवत नाहीत.

चौघे निमूट असारियामासला परतले. इथे सहल संपायची. घरी कुणी शहाणं असतं तर म्हणालं असतं, झालं तेवढं बस, आता परत या. पण कार्लने नवी कल्पना काढली. तराफा बांधू आणि नदीनेच खाली रुरेनाबाकेला जाऊ. चालणं नको की काही नको. पाय गेलेल्या माणसाला हे किती गोड वाटलं असेल! गावकऱ्यांच्या मदतीने बाल्साच्या हलक्या ओंडक्यांचा तराफा तयार झाला.

तुईची ही डोंगरातून उड्या मारत येणारी नदी. पहिल्या खळखळाटातच चौघांचं भांडण जुंपलं. वल्हं कुणी कसं मारायचं, हुकूम कुणाचा चालायचा. त्यात कळलं, की ज्याने नदीने जायचं सुचवलं त्या कार्लला मुळी पोहताच येत नाही. आणि पुढे सान पेद्रोची घळ आहे, उभ्या कड्यांमधून पाणी नुसतं कोसळतं, तिथून तराफा जाऊच शकत नाही, हेही कार्लला तिथे पोचेपर्यंत सांगावंसं वाटलं नाही.

अखेर फाटाफूट झाली. केविन आणि योसी तराफ्याने पुढे जाणार. कार्ल आणि मार्कस चालत, वरच्या अंगाच्या इपुरामा गावाकडे. नाताळापूर्वी ला पाझला भेटायचं ठरलं. मिठ्या मारल्या, निरोप घेतले.

मला या वाटणीचं नवल वाटतं. दोन धडधाकट माणसं एकीकडे. दुसरीकडे ज्याचे पाय नासले आहेत तो, आणि सोबतीला ज्याच्या एकाही शब्दाचा अनुभव खरा आला नव्हता तो. नदीने जाणारे ते दोघे, आणि चालायचं ते नेमकं मार्कसने! असारियामासच्या मुक्कामात कातडी थोडी धरली असेल तेवढीच. पण चारचौघांत भांडण झालं की वाटण्या अशाच होतात. कोण कुणाबरोबर सुखरूप पोचेल हे कुणी बघत नाही, कुणाला कोण नको ते बघतात.

घळीच्या तोंडाशी केविन-योसीचा तराफा खडकात अडकला. केविन कसाबसा काठाला लागला. तेवढ्यात प्रवाहाने तराफा सोडवला आणि योसीला घेऊन तो घळीत शिरला, धबधब्यावरून खाली गेला. योसी वाचला कसा हे त्यालाही सांगता येत नाही. दोघांच्या मधे आता कडे होते आणि पाणी. एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाण्याची सोय नव्हती.

इथून पुढचे सुमारे तीन आठवडे योसी एकटा. पाण्यात न भिजणारी एक पिशवी सुदैवाने त्याला सापडली. तिच्यात थोडे तांदूळ, थोड्या शेंगदाण्या-घेवड्यासारख्या बिया, विजेरी, लायटर, किडे पळवायच्या औषधाचा फवारा आणि नकाशा एवढं सामान होतं. चित्रपटात सगळ्यात गाजलेला प्रसंग म्हणजे रात्री जॅग्वार अंगाशी आला तेव्हा फवाऱ्यापुढे लायटर धरून योसीने जाळ काढला, तो. प्रसंग खरा आहे, पण मिनिटभराचा. जॅग्वार गेला तो गेला. न गेलं ते पाणी.

पावसाळा आता ऐन भरात आला होता. एका रात्री पूर आला आणि झोपल्या जागी तो वाहून जाता जाता राहिला. दिवसा चालताना पायाखालची जमीन जमीनच नसायची. दोनदा तो दलदलीत रुतला, आणि जोर करावा तसं आणखी खाली. एका पहाटे जाग आली तर अंगाला वाळवी लागलेली. खायला पक्ष्यांच्या घरट्यातली अंडी, पडलेली रानफळं. आणि पाय? हो, आता योसीचेही पाय गेले. जे दुखणं मार्कसच्या तोंडून ऐकायला त्याला नको होतं, ते त्याच्या बुटांत आलं. तळव्याची कातडी सुटली, पाऊल टेकवलं की डोळ्यांपुढे काजवे. एका मुलाखतीत त्याने सांगितलं आहे, की पायांच्या कळा विसराव्यात म्हणून त्याने डसणाऱ्या मुंग्यांनी भरलेलं झाड स्वतःच्या अंगावर हलवून घेतलं.

आणि मग त्याला भास होऊ लागले. आपल्याबरोबर एक मुलगी आहे, ती दमली आहे, तिला चालवत नाही, असा. तो तिला धीर देई, तिच्यावर रागावे, पुन्हा तिची समजूत घाली. तिला न्यायचं म्हणून स्वतः उठे. वैद्यकाच्या भाषेत उपाशी, झोप नसलेल्या मेंदूचा खेळ. पण जिला चालवत नाही अशीच सोबत त्याच्या मनाने का उभी केली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एकदा डोक्यावरून विमान गेलं. तो ओरडला, हात हलवले. वरून दिसणार काय? सगळीकडे हिरवं छप्पर. विमान निघून गेलं.

ते विमान आलं होतं केविनमुळे. केविनकडे तर पिशवीही नव्हती. पाच दिवसांनी रानातल्या माणसांना तो सापडला आणि त्यांनी त्याला सान होसे दे उचुपियामोनास या आपल्या गावात नेलं. तो सुटला होता. घरी गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने मात्र अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले, विमान पाठवायला लावलं, आणि विमानाने काही झालं नाही तेव्हा पुन्हा नदीवर आला. तिको तुदेला नावाचा स्थानिक नावाडी त्याला मिळाला. तुईचीचं वळण न्‌ वळण जाणणारा माणूस. कार्लसारखा गोड बोलणारा नव्हे; 'मला वाट माहीत आहे' हे त्याला सांगावं लागत नव्हतं. दोघे मोटर लावलेल्या लांबट होडीतून उलट्या प्रवाहात काठ धुंडाळत निघाले. दिवसांमागून दिवस गेले. पुढे जाण्यासारखं पाणीच राहिलं नाही तेव्हा तिकोने होडी वळवायला घेतली. काठावर पडलेल्या योसीला आधी वाटलं, कुठली तरी माशी गुणगुणते आहे. मग कळलं, इंजिन आहे. तो धडपडत पाण्याशी आला. होडी वळत असतानाच केविनची नजर गेली.

योसीला बरं व्हायला महिने लागले. मार्कस आणि कार्ल नाताळला ला पाझला आले नाहीत. नंतरही आले नाहीत. शोध झाले, पण इपुरामाच्या वाटेवर दोघांचं काही सापडलं नाही. योसीने लिहिलं आहे, की कार्लच्या पूर्वायुष्याविषयी नंतर वकिलातीतून त्याला भलतंच ऐकायला मिळालं. मार्कस कुठे थांबला, किती चालला, त्याच्यासाठी कार्ल थांबला की नाही, हे सांगायला कुणी उरलं नाही.

आता त्याच जागी आज काय चालतं ते ऐका. योसीचं पुस्तक वाचून आधी इस्रायलची मुलं आणि मग जगभरची मुलं रुरेनाबाकेला येऊ लागली. ज्या गावी पोचण्यासाठी चौघांनी तराफा बांधला होता, तिथे आता पाणथळीच्या सहली विकणारी दुकानं ओळीने आहेत. तीन दिवस, दोन रात्री असा साधारण बेत. मोटारीने सान्ता रोसाकडे, तिथून याकुमा नदीत लांबट होडीतून. बघायला मिळतं ते खरोखर अपूर्व आहे. काठाने केमन जातीच्या मगरी, डुकराएवढी केसाळ घूस शोभेल असे कॅपिबारांचे कळप, शेणाचा वास येणारा होआत्झिन पक्षी, आणि पाण्यात गुलाबी डॉल्फिन. या डॉल्फिनला बोलिव्हियाने २०१२ साली कायद्याने राष्ट्रीय ठेवा ठरवलं. निळ्या गळ्याचा एक मोठा पोपट, मकाव, तर साऱ्या जगात रानटी अवस्थेत फक्त या मोहोसच्या मैदानांतच राहतो.

पण सहल इथेही बिघडते, जरा वेगळ्या तऱ्हेने. दुकानं फार, म्हणून दर पाडायची चढाओढ. दर पाडले की वाटाड्याची मजुरी कमी आणि बक्षिशीवर भिस्त. मग पाहुणे खूश व्हावेत म्हणून माकडांना केळी चारायची, मगरीच्या अंगावर होडी घालायची, गुडघाभर दलदलीत अॅनाकोंडा हुडकायचा आणि सापडला की पाहुण्यांच्या गळ्यात घालून फोटो काढायचे. पाहुण्यांच्या हातांना डासांचं औषध चोपडलेलं असतं, ते सापाच्या कातडीला बाधतं, म्हणून चांगले वाटाडे प्राण्याला हात लावूच देत नाहीत. ज्या दुकानात 'साप हातात मिळेल' अशी हमी देतात, तिथून सरळ बाहेर पडावं. ज्याला जनावराची पर्वा नाही त्याला तुमची असेल, असं मानायला काय आधार?

आपल्यातल्या पुष्कळजणींची मुलं, आणि आता मुलीही, सुटीत अशा दूरदेशी जातात. काहीजणी निवृत्तीनंतर नवऱ्यासोबत किंवा मैत्रिणींसोबत स्वतःच निघतात, आणि का निघू नये? जायचं तर मे ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत. तेव्हा पाणी आटून नदीच्या पात्रात येतं आणि प्राणीही तिच्या काठी जमतात, म्हणजे दिसतंही जास्त. आधी विचारावं, वाटाड्या कुठल्या गावचा, त्या नदीवर किती वर्षं आहे, कुणी आजारी पडलं तर परत आणायची होडी कुठून येणार, आणि रांगेत सगळ्यात मागे कोण चालणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर चटकन आलं नाही तर दुसरं दुकान बघावं.

पायांचं तर आता वेगळं सांगायला नको. तिथे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट देतात, पण त्यात एकदा पाणी शिरलं की ते बाहेर जात नाही. दोन मोजेजोड केवळ रात्रीसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत आणि काही झालं तरी दिवसा त्यांना हात लावू नये. रात्री पाय पुसून, बोटांच्या बेचक्यांत पावडर घालून, मगच ते चढवावेत. बेचकी पांढरी दिसली की त्याच दिवशी बोलावं. लाजेने किंवा भिडेने गप्प बसणारे असतातच, आणि ते आपल्याच घरातले असतात हे आपण जाणतो.

एक सरकारी गोष्ट. बोलिव्हियाच्या या भागात पिवळ्या तापाची भीती असते. त्याची लस निघण्यापूर्वी निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती सगळ्या दवाखान्यांत मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, म्हणून आयत्या वेळेवर टाकू नये. प्रमाणपत्र जाताना लागतं त्याहून परत येताना जास्त लागतं. ते जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवून घेतात. लस एकदा घेतली की जन्मभर पुरते, तेव्हा तो कागद पासपोर्टबरोबरच ठेवावा.

आणि रानच बघायचं असेल, तर सान होसेच्या लोकांकडे जाता येतं. केविनला ज्यांनी घरात घेतलं तेच हे गाव. १९८१ नंतरच्या वर्षांत तिथली तरुण मंडळी कामासाठी गाव सोडून चालली होती. योसी १९९२ साली परत गेला तेव्हा गावकऱ्यांना हवं होतं ते असं काही, की ज्यामुळे गाव उठून जाणार नाही. त्याच्या खटपटीने आणि आंतरअमेरिकी विकास बँकेच्या पैशाने चालालान नावाच्या तळ्याकाठी पाहुण्यांसाठी लाकडी घरं उभी राहिली. मालकी गावाची, वाटाडे गावचे, स्वयंपाक गावचा, आणि मिळकतीतून शाळा, औषधपाणी. १९९५ साली आसपासचा सारा मुलूख मादिदी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला गेला. एक हजाराहून अधिक जातींचे पक्षी आहेत त्यात.

कार्लचं सोनं मात्र अगदीच खोटं नव्हतं. या नद्यांच्या रेतीत सोन्याचे कण आहेत आणि ते उपसायला आज यंत्रं घेऊन माणसं येतात. सोनं वेगळं करायला पारा वापरतात, तो पाण्यात उतरतो, पाण्यातून माशांत, आणि माशांतून काठावरच्या बायका-मुलांच्या पोटात. सान होसेचे, आणि बेनीकाठच्या इतर गावांचे लोक त्याविरुद्ध भांडताहेत.

रुरेनाबाकेहून चालालानला होडीने पाच-सहा तास लागतात, सगळी वाट प्रवाहाच्या उलट. कोरड्या दिवसांत पाणी इतकं उतरतं की मधे मधे पाहुण्यांनाच खाली उतरून होडी ढकलावी लागते. सुकाणूवर सान होसेचीच मुलं असतात.